सुनेच्या ओव्हरटाइमवर घेतलेली खोली

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कधी तब्येतीचं निमित्त, कधी डोळ्यांचं, कधी नातीच्या शाळेचं. खरं कारण एकच होतं. लिहायला बसलो तर स्वतःविरुद्ध लिहावं लागणार, आणि मला सवय दुसऱ्यांविरुद्ध बोलायची. साकीनाक्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी टर्नर होतो आणि बराच काळ युनियनच्या कमिटीवर होतो. मॅनेजरसमोर टेबलावर हात आपटून बोलणारा माणूस म्हणून मला लोक ओळखायचे. घरात मी काय केलं ते कुणाला माहीत नव्हतं. निदान मी तसं समजत होतो.

परवा एका पुतण्याच्या साखरपुड्याला गेलो होतो. रविवार होता. जेवणाच्या पंगतीत एक नातेवाईक सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काकांनी टायमावर डोकं चालवलं बघा. मुलुंडला वन बीएचके! आज घेऊन दाखवा कोणी." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एका पोराने तर येऊन पायाला हात लावला. माझी सून तिथे नव्हती. ती कुठे आहे, हे त्या सगळ्या पंगतीत कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. ती अंधेरीच्या कारखान्यात कामावर होती, रविवारचा ओव्हरटाइम करत. आणि मी समोरचं श्रीखंड खात "हो, हो, तेव्हा हिंमत केली खरी" असं म्हणालो. हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं. त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून आता लिहितो.

आम्ही आधी घाटकोपरला डोंगरावर राहायचो. एक खोली, वर माळा. आम्ही मूळचे कोकणातले. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर त्यांनी ती खोली घेतली. माझा संसार तिथेच झाला, बायकोही तिथेच गेली. मुलाचं लग्न झालं तेव्हा माळा त्या दोघांना दिला आणि मी खाली झोपू लागलो, एका बाजूला ओटा आणि दुसऱ्या बाजूला मोरी. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचं आणि अंथरूण गुंडाळायचं, कारण त्याच जागेत चहा व्हायचा. कोणी पाहुणा आला की मी बाहेर पायरीवर. साठी उलटेपर्यंत मला कडी लावता येईल असं एक दार नव्हतं. हे मी माझ्या बाजूने सांगतोय असं कुणाला वाटेल. सांगतोयच. पण पुढचंही वाचा.

मुलगा साकीनाक्यालाच एका छापखान्यात कामाला. सून अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, दागिने परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात. तिचं काम तपासणीचं. डोळ्याला भिंग लावून अंगठीतला एकेक खडा नीट बसलाय का, हलतोय का ते बघायचं. सकाळी नऊला कामाला बसायचं, साडेपाचला सुटायचं. मेट्रोने घाटकोपर, तिथून रिक्षा, आणि साडेसहाच्या आत ती घरात. आली की पाय धुवून अर्धा तास दारात बसायची. हातात चहा, शेजारणीशी गप्पा. तेवढा वेळ तिला प्रिय होता. "बाबा, दिवस त्यांचा, संध्याकाळ माझी," असं हसत म्हणायची. मला ते आवडायचं. कामगाराने असंच म्हणावं, असं मीच पन्नास मीटिंगांत सांगितलं होतं. आठ तासांच्या पलीकडे काम म्हणजे कामगाराच्या घरावर दरोडा, आणि ओव्हरटाइमला एकदा कायमचा मान दिलात की मूळ पगार कधी वाढणार नाही. ही माझी नेहमीची वाक्यं. तोंडपाठ होती.

मग घराचं निघालं. डोंगरावरच्या खोलीला गिऱ्हाईक आलं. माझा पीएफ होता, बायकोचे दागिने होते. बाकीचं कर्ज. सुनेने सरळ हिशेब मांडला. म्हणाली, "आपण रूम-किचन बघू. दोघांच्या मूळ पगारात हप्ता बसतो. मी सहा महिने ओव्हरटाइम करते, रजिस्ट्रेशनचे आणि सामानाचे पैसे निघतील. मग बंद." मुलगा म्हणाला, "बाबा, तू काय ते ठरव." माझा मुलगा स्वभावाने गरीब आहे असं सगळे म्हणतात. मला त्याचाही राग येतो. तो त्या वेळी एक वाक्य बोलला असता तर हे झालं नसतं. पण त्याला असं गप्प बसायला मीच शिकवलं, घरात एकच आवाज चालायचा आणि तो माझा.

मला रूम-किचन नको होतं. रूम-किचन म्हणजे पुन्हा मी ओट्यापाशी. मला ती आतली खोली हवी होती. तसं मी बोललो नाही. मी म्हणालो, "उद्या मूल होईल. त्याला अभ्यासाला जागा नको? गावची माणसं येतील, त्यांना कुठे झोपवणार?" जे मूल अजून नव्हतं त्याच्या अभ्यासासाठी मी खोली मागितली, आणि आज त्या खोलीत माझी कॉट आहे, माझ्या औषधांचा डबा आहे. नात हॉलमध्ये सोफ्यावर पाटी घेऊन बसते.

कर्ज मिळवून देणारा एक एजंट होता. तरुण, तोंडाने गोड, वाक्यागणिक "काका". तो म्हणाला, "काका, वन बीएचके बसत नाही तुमच्या इनकममध्ये. पण मॅडमचा ओव्हरटाइम आहे ना? सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपांमध्ये सलग दिसला पाहिजे. बँकेचा माणूस घरी येईल, ऑफिसला पण जाईल. विचारेल. तुम्ही फक्त सांगायचं की हा रेग्युलर आहे. झकास काम होऊन जाईल."

सून सहा महिने ओव्हरटाइम करतच होती, सामानासाठी. तिच्या मते ती पैसे साठवत होती. माझ्या मते आता त्या स्लिपा तयार होत होत्या.

बँकेचा माणूस दुपारी आला. डोंगर चढून घामाघूम झालेला. मी त्याला पाणी दिलं, पंखा त्याच्याकडे वळवला. दोघंही कामावर होते. त्याने भाडं देता का, किती माणसं, असं काय काय विचारलं. मग म्हणाला, "मॅडमचा हा ओव्हरटाइम कायम असतो का?"

"कायम," मी म्हणालो.

"पुढे बंद नाही ना करणार?"

"नाही. तिला आवड आहे कामाची."

"नाही, मी एवढ्यासाठी विचारतो काका, लेडीजचं असतं ना. मूलबाळ झालं की ओव्हरटाइम बंद. मग हप्ते अडकतात."

मी म्हणालो, "त्यांचा तसा विचार नाही."

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि ती दोघं मुलासाठी डॉक्टरकडे जात होती. मला माहीत होतं. त्याच महिन्यात मी तिला दवाखान्यातून आणायला गेलो होतो. ज्या माणसाने शेकडो लोकांसमोर सांगितलं की ओव्हरटाइम कायमचा होऊ देऊ नका, त्याने एका दुपारी, ग्लासभर पाण्याच्या पाहुणचारात, सुनेचा ओव्हरटाइम कायमचा करून टाकला. तिला न विचारता. तिला सांगितलंही नाही. तिला एवढंच कळलं की कर्ज जास्त मंजूर झालं. मी म्हणालो, "बघ, बँकेचा विश्वास बसला आपल्यावर." ती काही बोलली नाही. मला वाटलं, खूश आहे.

हप्ता ठरला छत्तीस हजार. तिचा मूळ पगार पंचवीस आणि ओव्हरटाइमचे अकरा. बेरीज करून बघा. मी तेव्हा नीट केलीच नाही, किंवा केली आणि झाकून ठेवली. सकाळी ती डब्यात पोळी भरून निघते तिथपासून रात्री नऊला चपला काढते तिथपर्यंतचा तिचा सगळा पगार बँकेचा. आम्ही सगळे जेवतो ते मुलाच्या पगारावर. ती जे कमावते त्यातला एक रुपया तिच्या हाताला लागत नाही, महिन्याच्या सुरुवातीला खात्यात दिसतो आणि पाच तारखेला जातो.

आणि ही बँकवाली मंडळी काय विचारतात? उत्पन्नाच्या किती टक्के हप्ता आहे. निम्मा? मग चालेल. अरे, निम्मं उत्पन्न किती तासांचं आहे ते कोण विचारणार? आठ तासांत मिळालेले पैसे आणि बारा तासांत मिळालेले पैसे त्यांच्या कागदावर सारखेच दिसतात. माणूस कितीला घरी येतो हे त्यांच्या कुठल्याही रकान्यात नाही. माझा संताप होतो. पेपरात पानभर जाहिराती येतात, हसणारा नवरा, हसणारी बायको, हातात किल्ली. त्या बाईला विचारा ना कोणीतरी, बाई, तू त्या घरात संध्याकाळी असतेस का? पण हा संताप करायचा मला किती अधिकार आहे? त्यांनी रकाना ठेवला नव्हता. मला तर माहीत होतं ती कितीला येते.

गृहप्रवेशाला माझी थोरली बहीण गावाहून आली होती. तिला सगळं घर दाखवलं. हॉल, स्वयंपाकघर, खिडकीतून दिसणारा डोंगर. मग आतल्या खोलीत माझी कॉट. ती कॉटवर बसली, हाताने गादी चाचपली आणि म्हणाली, "तुका खोली गावली रे, बरा झाला. आणि तिका काय गावला?"

"तिचंच तर घर आहे," मी म्हणालो. "नाव आहे तिचं कागदावर."

"नाव कागदार आसा. ती खंय आसा?" म्हातारीने विचारलं. सून तेव्हा अर्ध्या दिवसाची रजा संपवून कामावर गेली होती. पूजेचा प्रसादही तिने डब्यातून नेला होता. मी बहिणीवर ओरडलो, म्हणालो, शहरातलं तुला काय कळतं. ती कॉटवरून उठली. दुसऱ्या दिवशी गाडीने गेली.

पुढच्या वर्षी नात झाली. बाळंतपणाच्या रजेत पगार मिळतो, पण मूळ. ओव्हरटाइम कसा मिळणार? दर महिन्याला अकरा हजारांचं भोक. पहिले दोन महिने मुलाने कुठून कुठून भागवलं. मग व्याजाचे दर वाढले. बँकेने हप्ता तोच ठेवून वर्षं वाढवली. एक मेसेज आला फक्त. मी तो वाचून दाखवला तेव्हा सून बाळाला पाजत होती. तिने विचारलं, "म्हणजे मी किती वर्षांची होईपर्यंत?" मुलाने बोटांवर मोजलं आणि आकडा सांगितला नाही.

तिची रजा अजून बरीच बाकी होती. तिने ती पूर्ण घ्यायचं ठरवलं होतं. मला म्हणाली, "बाबा, एवढी रजा तरी घेऊ द्या. मग आहेच."

तेव्हा मी जे बोललो तेही लिहितो. मी म्हणालो, "अगं, रजा तुला आहे. हप्ता काही बाळंतपणाच्या रजेवर जात नाही."

मला वाटलं मी विनोद केला. मुलगा हसलाही थोडा, त्याच्या नेहमीच्या सवयीने. तिने बाळाच्या तोंडावरचा पदर सारखा केला. चार दिवसांनी ती रजा अर्धवट सोडून कामावर हजर झाली. नात मी वाढवली. दूध, लंगोट, झोपवणं, सगळं शिकलो, सोसायटीत बायका कौतुक करायच्या, "आजोबा किती करतात!" मी ते कौतुक घ्यायचो. नातीने पहिलं पाऊल टाकलं ते माझ्या कॉटपासून दारापर्यंत. मी मोबाइलवर काढून सुनेला पाठवलं. कामावर फोन आत नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तिने ते रात्री सुटल्यावर मेट्रोच्या रांगेत बघितलं. तिने घरी येऊन नातीला उभं केलं, पण पोर झोपेला आलेलं, ते मटकन खाली बसलं.

असं चार वर्षं चाललं. मग मध्ये एकदा परदेशातल्या ऑर्डरी कमी झाल्या आणि कारखान्याने ओव्हरटाइम बंद केला. सून साडेसहा-सातला घरी येऊ लागली. मुलुंड लांब पडतं, तरी उजेडात येऊ लागली. आमच्या घराचं रूपच पालटलं. ती आली की नात गेटपर्यंत धावत जायची. दोघी खाली कंपाउंडमध्ये बसायच्या. नात तिचे केस विंचरायची, म्हणजे ओढायची. एका संध्याकाळी तिने घावणे केले, गरम गरम, आणि आम्ही चौघं एकत्र जेवलो. चौघं एकत्र, ते नवीन घरात किती वेळा झालं होतं, मला आठवेना. मुलगा म्हणाला, "यार, तू आहेस तर घरात आवाज आहे." ती म्हणाली, "आवाज तुझ्या पोरीचा आहे. मी फक्त ओरडते." नात म्हणाली, "आई, तू उद्या पण येणार?" आम्ही सगळे हसलो. मी वळून कॅलेंडरकडे बघितलं. पाच तारीख जवळ आली होती.

हे माझं डोकं. समोर पोर आईच्या मांडीवर बसलंय आणि मला पाच तारीख दिसते.

दोन हप्ते मुलाने कामावरून उचल घेऊन भरले. तिसऱ्याचं कसं होणार कळेना. मी घाबरलो. हप्ते थकले तर घर जाईल, घर गेलं तर मी कुठे? माझी खोली, माझं दार. आमच्या सोसायटीच्या मागे चाळी आहेत. तिथे एक बाई नकली दागिन्यांचं काम घरोघर वाटते. मोती ओवायचे, खडे चिकटवायचे, डझनावर पैसे. मी तिच्याकडे गेलो. पिशवीभर माल घेऊन आलो, दोरा आणि सुयांसकट. मी स्वतः एकेकाळी अशा घरी वाटलेल्या कामाविरुद्ध पत्रकं वाटली होती. तेही तेव्हा आठवलं नाही. मला खरंच वाटलं, मी मार्ग काढला. ती आभार मानेल.

ती खाली जायला निघाली होती. नातीला सायकल शिकवायची होती. मी पिशवी सोफ्यावर ठेवली.

"हे काय, बाबा?"

"काही नाही गं. मोती ओवायचे. टीव्ही बघताबघता होऊन जातं. हाताला सफाई आहेच तुझ्या. तशीही संध्याकाळी हल्ली तू मोकळीच असतेस."

"मोकळी?" ती म्हणाली.

तिने नातीला सांगितलं, "तू जा पुढे, सायकल काढ, मी आले." पोर गेलं. मग ती माझ्यासमोर बसली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, चढलेल्या आवाजाला उत्तर द्यायला मला येतं.

"बाबा, बँकेच्या त्या माणसाला तुम्हीच सांगितलं होतं ना, माझा ओव्हरटाइम कायमचा आहे म्हणून?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"तो नंतर आमच्या ऑफिसला आला होता. मला म्हणाला, मॅडम, तुमचे सासरे एकदम सपोर्टिव्ह आहेत हां. म्हणाला, त्यांनी सांगितलं तुम्हाला मूल नकोय, कामाची आवड आहे. आमचा सुपरवायझर बाजूला उभा होता. मी त्याच दिवशी त्याच्याकडे डॉक्टरसाठी अर्धी रजा मागितली होती."

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलणार होते. घरी येऊन भांडणारच होते." ती पिशवीतल्या मोत्यांकडे बघत होती. "पण आदल्या रविवारी आपण सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो होतो ना. तुम्ही त्या आतल्या खोलीचं दार लावून बघत होता. लावायचं, उघडायचं, परत लावायचं. आतून कडी घालून बघितलीत. मी हॉलमधून बघत होते. म्हटलं, जाऊ दे. माणसाला एक दार तरी मिळू दे. मला वाटलं दोन-तीन वर्षं ओढू. तुम्हाला कळेल आणि तुम्हीच म्हणाल, पोरी, आता बास कर. तुम्ही युनियनवाले ना. मला वाटलं तुम्हीच म्हणाल."

त्या क्षणी बोलायचं होतं. समोर ती होती, मध्ये कुणी नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "हे नको असेल तर परत करतो मी."

"राहू दे," ती म्हणाली. "हप्ता तर भरायचाय."

आणि ती मोती ओवायला बसली. खालून नात हाका मारत होती, "आई! ए आई!" तिने खिडकीतून सांगितलं, "आज नाही बाळा, उद्या." मी माझ्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातली. कॉटवर बसून राहिलो. बाहेर सुई-दोऱ्याचा आवाज येत नाही, पण ताटात मोती पडल्याचा येतो. एकेक.

नंतर ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या, ओव्हरटाइमही सुरू झाला, आणि रविवारसुद्धा. उचल फेडायची होती. आमच्यात ते बोलणं पुन्हा निघालं नाही. ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागते. गोळी घेतली का, चष्म्याचा नंबर काढायचाय का. हा तिचा चांगुलपणा मला सहन होत नाही, हेही लिहून ठेवतो. मला तिचा राग येतो, ती रागावत नाही म्हणून. काय माणूस आहे मी!

साखरपुड्याहून परत आलो आणि ठरवलं, आता सांगायचंच. घरात जमणार नाही. घरात ती येते तेव्हा तिला नातीला जवळ घ्यायचं असतं, भांडी असतात, आणि मुलगा मध्ये असतो. म्हणून दोन दिवसांनी नातीला शेजारी ठेवलं आणि अंधेरीला गेलो. वाटेत मेट्रोत बसून काय बोलायचं ते जुळवलं. कारखान्यापाशी पोचलो तर साडेपाच होत होते. पहिली पाळी सुटली. मुली घोळक्याने बाहेर आल्या, हसत, पर्स सावरत, कुणी टपरीवर थांबली, कुणी रिक्षा थांबवली. त्यांत ती असणार नव्हती हे मला माहीत होतं, तरी मी प्रत्येकीकडे बघत होतो. मग वॉचमनला तिचं खातं सांगितलं, म्हटलं, सासरा आहे, दोन मिनिटं काम आहे.

वॉचमन म्हणाला, "काका, ओव्हरटाइमवाल्यांना बाहेर सोडत नाहीत मध्ये. अर्जंट आहे काय?"

मी म्हणालो, "हो. अर्जंट आहे."

बराच वेळ लागला. ती आली ती जवळजवळ पळत. डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उमटलेला, एप्रन तसाच. सोन्याचं काम, त्यामुळे बाहेर पडताना अंग तपासतात, केससुद्धा सोडून बघतात. तिचे केस सुटलेलेच होते.

"काय झालं बाबा? पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे, बरी आहे. शेजारी आहे."

"मग? ह्यांना काही झालं? तुम्हाला बरं वाटत नाही का? घाम किती आलाय तुम्हाला." तिने माझा दंड धरला.

"नाही गं. मी..." मी म्हणालो. "मी आपलं..."

गेटच्या आतून एक माणूस ओरडला, "मॅडम, जल्दी! तुमचा अर्धा तास कट होणार हां." तिने मागे वळून हात केला, आले, आले. परत माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा इतका दमलेला आणि इतका काळजीचा होता की मेट्रोत जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. मी तिचा अर्धा तास खर्च करून तिथे उभा होतो. तेवढ्याचं तरी काहीतरी कारण द्यायला हवं होतं.

"किल्ली," मी म्हणालो. "किल्ली विसरलो मी आत. दार ओढलं गेलं."

"अहो, एवढंच ना! केवढी घाबरले मी." तिने वॉचमनच्या टेबलाकडे जाऊन लॉकरची चावी मागितली, आत गेली, घराची किल्ली घेऊन आली, माझ्या हातात ठेवली आणि माझी मूठ तिनेच मिटली. "सावकाश जा. मेट्रोत बसायला जागा मागा, लाजू नका. आणि पोरीला भरवून घ्या, मला नऊ होतील."

ती आत गेली. वॉचमनने तिच्या नावापुढे वेळ लिहिली.

मला म्हणायचं होतं, पोरी, मी त्या माणसाशी खोटं बोललो. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस आणि तुझं बरोबर होतं. ती खोली मुलासाठी नव्हती, माझ्यासाठी होती. तुझ्या संध्याकाळी मी विकल्या. आणि त्या कधी परत देता येतील हे मला माहीत नाही. आता बास कर. घर विकू, रूम-किचन घेऊ, मी पुन्हा ओट्यापाशी झोपेन. मला माफ कर.